बांधावरची बाभळ आणि एक पाट



आज पिकाची नोंद नाही. हरभऱ्याला घाटे भरतायत, दोन दिवसांआड फेरी मारून अळी बघतोय, बाकी शेतात घाई नाही. म्हणून गेल्या दीड वर्षात लागलेल्या एका नादाबद्दल लिहितो. सुतारकामाचा नाद.

सुरुवात वादळानं झाली. वैशाखात अवकाळी आला आणि खालच्या बांधावरची जुनी बाभळ मुळासकट आडवी झाली. जळणवाला व्यापारी दुसऱ्या दिवशीच दारात. फांद्या देऊन टाकल्या, पण बुडखा द्यायला मन होईना. आजोबांची तिफण, वखर सगळं याच बांधावरच्या बाभळीचं होतं. म्हणलं, आपणच काहीतरी करून बघू.

आई म्हणाली, "बाभळीला भुंगा लागतो. पाण्यात टाक, तुझे आजोबा टाकायचे." मी शेततळ्यात लोटणारच होतो, तर बायको ओरडली, "कागद फाटला तर काय ओंडका पाजणार का मोसंबीला?" शेवटी ओढ्याच्या डोहात दोरानं बांधून ठेवला. यामागचं कारण सरळ आहे. किडीला लाकडातला पिठूळ भाग, म्हणजे स्टार्च लागतो. तो जास्त बाहेरच्या पांढऱ्या लाकडात असतो. पाण्यात राहून तो कमी होतो. आतला लाल गाभा मुळातच टणक असतो.

दसऱ्यानंतर ओंडका काढला, आरा मशीनवर एक-एक इंचाच्या फळ्या पाडल्या आणि गोठ्यात रचल्या. करवत, तीन पटाश्या, रंधा, गुण्या आणि धार लावायचा दगड एवढं तालुक्याहून आणलं. मोबाईलवर दोन-चार व्हिडिओ बघितले आणि संक्रांतीला पहिला पाट करायला बसलो.

तिथं दोन चुका झाल्या. पहिली, पटाशीला नवी म्हणून धारच लावली नाही. बोथट पटाशीला जोर जास्त लागतो, ती सटकली आणि डाव्या तळव्यात गेली. तीन टाके पडले. दुसरी चूक चैत्रात दिसली. कसाबसा झालेला तो पाट उन्हाळा लागताच वाकला, जमिनीवर ठेवला की डुगडुगायचा.

आता इलाज एकच होता, सुतार आबांकडं जाणं. आणि तेच जड होतं. आमच्या घरचं औत पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरानं भरलं. सुगीला आबा खळ्यावर यायचे, बलुतं घेऊन जायचे. २००४ ला आमच्याकडं ट्रॅक्टर आला, लोखंडी अवजारं आली आणि त्या सुगीपासून बलुतं बंद झालं. कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललंही नाही. आबांनी यायचं सोडलं, एवढंच. त्यांचा मुलगा शहरात प्लायवूडचं फर्निचर करतो.

पाट काखेत मारून गेलो. आबांनी तो उलटा केला, बघितला आणि म्हणाले, "सोयाबीन वली मळतोस का रे?"

"नाही आबा."

"मग फळी वली का घेतली?"

मला तिथंच कळलं. सोयाबीन विकताना १२ टक्के ओलाव्याची अट आपण तोंडपाठ म्हणतो. घरात वापरायचं लाकूडही साधारण १० ते १२ टक्क्यांवर यावं लागतं. सावलीत वाळवायचं तर एक इंच जाडीला साधारण एक वर्ष धरायचं. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत आकसतं, तेही सगळीकडं सारखं नाही. म्हणून फळी वाकते. फळ्या रचताना मध्ये पट्ट्या द्यायच्या, वारा खेळला पाहिजे. टोकांना रंग फासायचा, कारण पाणी टोकांतून लवकर उडतं आणि तिथूनच चिरा पडतात.

पुढचे तीन दिवस आबांनी मला लाकडाला हात लावू दिला नाही. फक्त धार. दगडावर पटाशी एकाच कलानं धरायची, हात डुलू द्यायचा नाही. मनगटावरचे केस निघाले की धार झाली. "आन्‌ धारेपुढं हात ठेवायचा न्हाई, कवाच न्हाई," हे रोज एकदा. मग रंधा. लाकडाच्या शिरा बघायच्या, त्या उठतात त्या दिशेनं मारायचा. उलटा मारला तर तुकडे निघतात, मांजराच्या अंगावरून उलटा हात फिरवल्यासारखं. मग जोड. पायाला कुसू, फळीला भोक. भोकाची आखणी दोन्ही बाजूंनी करायची आणि दोन्हीकडून अर्धं-अर्धं खोदायचं, नाहीतर खालची ढलपी उडते.

पैशाचं विचारलं तर आबा हसले. "तुझ्याकडून पैसं घेऊ? वीस वर्षांचं बलुतं ऱ्हायलंय की."

ते हसून म्हणाले, मला हसता आलं नाही.

या दिवाळीला फळ्यांना वर्ष झालं. वाळलेल्या फळीचे दोन पाट केले. एक आईला दिला. दुसरा आणि एक कट्टा ज्वारी घेऊन आबांकडं गेलो. त्यांनी पाट उलटा केला, जोडावरून अंगठा फिरवला आणि एका कोपऱ्यावर थांबले. "हितं पटाशी बोथट झाली व्हती." खरंच झाली होती. मग ज्वारीकडं बघून म्हणाले, "एवढ्यात फिटत न्हाई." पण कट्टा आत ठेवून घेतला आणि पाटावर बसून चहा प्याले.

आता दर सुगीला कट्टा जाणार, असं घरात ठरलंय. वडिलांनी मान हलवली, बोलले काही नाहीत.

कुणाला सुरू करायचं असेल तर पडलेल्या लाकडापासून करा. साग, आंबा, चिंच ही झाडं स्वतःच्या बांधावर असली तरी १९६४ च्या कायद्यानं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. यंत्रं आधी घेऊ नका, धार लावायला शिका. आणि गावात जुना सुतार असेल तर व्हिडिओच्या आधी त्याच्याकडं जा. मोकळ्या हातानं मात्र जाऊ नका.