टाळूच्या जागी

वरच्या जबड्यातली गाठ काढताना हाड, दात आणि टाळूचा तुकडा जातो. मागे राहते ती तोंडातून थेट नाकात उघडणारी पोकळी. ती बंद करणाऱ्या कृत्रिम टाळूला डॉक्टर ऑब्च्युरेटर म्हणतात, पेशंट नुसतं 'प्लेट'. तिच्याभोवतीच्या, सरलेल्या आणि सरत चाललेल्या काही गोष्टी.

स्पंज. सोळाव्या शतकात फ्रेंच शल्यवैद्य आम्ब्रोआझ पारे धातूच्या पत्र्याला स्पंज जोडत. ओल धरून तो फुगे, पत्रा जागेवर राही.

फ्रॉइडचा 'राक्षस'. १९२३ साली व्हिएन्नात हान्स पिश्लर यांनी सिग्मंड फ्रॉइडच्या उजव्या जबड्याचा आणि टाळूचा भाग काढला. घरच्यांनी प्लेटला हे नाव दिलं. घट्ट बसवली की जखम, सैल केली की बोलणं तुटे. १९३८मध्ये बीबीसीने ध्वनिमुद्रित केलेला त्याचा आवाज आजही ऐकता येतो. एकेक शब्द ओढून काढलेला.

'मामा'. प्लेट नसली की 'बाबा' म्हणावं आणि 'मामा' ऐकू यावं. ओठांमागे साठलेली हवा नाकातून निसटते. प्यायलेलं पाणीही नाकातून येतं. आता आधीच माप घेऊन ऑपरेशनच्या टेबलावरच पहिली प्लेट बसवता येते. हे दिवस सरताहेत याचा आनंदच आहे.

तीन बोटं. 'तोंडात तीन बोटं जातात का?' हा डॉक्टरांचा नेहमीचा प्रश्न. गुटख्याने आधीच आखडलेलं तोंड रेडिएशननंतर आणखी मिटतं. मग प्लेट दोन तुकड्यांत करतात आणि आत चुंबकाने जोडतात.

मीठ. मला याचंच सगळ्यात अप्रूप. प्लेटचा पोकळीत शिरणारा गोळा भरीव असेल तर त्याच्या वजनाने प्लेट खाली ओढली जाते आणि उरलेल्या दातांवर ताण येतो. म्हणून लॅबमध्ये ॲक्रिलिकच्या दोन थरांमध्ये मीठ किंवा साखर भरत, गोळा शिजवून घेत, मग बारीक भोक पाडून पाण्याने मीठ विरघळवून काढत आणि भोक बुजवत. आता स्कॅन करून पोकळ गोळा थेट छापता येतो. काम नेटकं होतं. पण पेशंट मान वळवताना, गिळताना, जबडा हलवताना कडा कुठे रुततात, ते मऊ मेणावरच उमटतं. छापखान्याच्या भरवशावर ही माप घेण्याची रीत मोडू देऊ नये.

खुली पोकळी. आता पायातलं हाड रक्तवाहिन्यांसकट आणून ती कायमची बंद करतात. तरुण माणसाला त्यावर पक्के दात मिळतात, रोज प्लेट काढून धुवायला नको. मात्र प्लेट काढली की डॉक्टरांना टॉर्चच्या उजेडात गाठ परतली का ते पाहता येतं. बंद जागेसाठी स्कॅन लागतो. शिवाय पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या म्हाताऱ्याचं हाड घेता येत नाही. त्याला अनेकदा प्लेटच द्यावी लागते, आणि व्रण आक्रसेल तसतशी ती कुणीतरी हाताने घासून, भरून पुन्हा बसती करावी लागते.