फियाटची गुंडी

मुलांनो, मोटारीतली चोकची गुंडी तुमच्यापैकी किती जणांनी पाहिली आहे? हात वर करा पाहू! आमच्या शाळेत मी हा प्रश्न विचारला तेव्हा एकच हात वर आला. त्यालाही माहीत होता तो 'नाली चोक होते' मधला चोक! तसा तो अगदीच चुकला नव्हता म्हणा.

माझी शाळा गडचिरोली जिल्ह्यात, अहेरी तालुक्यात. आलापल्लीहून भामरागडकडे जो रस्ता जातो, त्याच्यापासून थोडी आत, जंगलात. माहेर चंद्रपूरला. एरवी माझं जाणं-येणं एस.टी.नं. पण दोन वर्षांपूर्वी जानेवारीत पाचवीच्या तीन मुलांना नवोदयच्या परीक्षेसाठी अहेरीला न्यायचं होतं. आपल्या जिल्ह्याचं नवोदय विद्यालय चामोर्शी तालुक्यात घोटला आहे. तिथं सहावीपासून राहून शिकता येतं. ही परीक्षा मात्र एकदाच देता येते, दुसरी संधी नाही. गावातून सकाळी वेळेवर वाहन मिळेल याचा भरवसा नव्हता. म्हणून मी बाबांची जुनी फियाट मागून घेतली.

फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटचं हे मॉडेल बनू लागलं आणि १९७४ पासून त्याला 'पद्मिनी' हे नाव मिळालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी तुम्ही जुन्या सिनेमात पाहिली असेल, तीच ही. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा निवृत्त झाली. आमची मात्र अजून चालते. बाबा तिला दर रविवारी स्वतः धुतात, आमच्यापैकी कुणाला हात लावू देत नाहीत.

निघताना बाबांनी मला डॅशबोर्डखालची गुंडी दाखवली. "हा चोक. वरणातल्या मिठासारखा आहे बरं. नसला तर चालत नाही, जास्त झाला तर खाववत नाही." मी "हो हो" म्हटलं. दुपारचं ऊन होतं, गाडी किल्ली फिरवताच सुरू झाली, आणि गुंडी मी विसरूनही गेले.

बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी करत आष्टीला आले तेव्हा ऊन उतरलं होतं. इथं वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा लागतो. थोडं खाली चपराळ्याजवळ वर्धा नदी येऊन वैनगंगेला मिळते आणि पुढे दोघींची मिळून प्राणहिता होते. आष्टीपासून आलापल्लीपर्यंत सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक समोरून येत होते. प्रत्येक वेळी काचा वर करायच्या, धूळ बसली की खाली करायच्या. आलापल्लीच्या पुढे मात्र रस्ता एकदम शांत झाला. दोन्हीकडे साग. वाटेत 'वनवैभव' लागतं. सहा हेक्टरांचं हे जुनं जंगल २०१४ मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं जैवविविधता वारसास्थळ ठरलं. तिथले साग बघायला मान इतकी मागे करावी लागते की टोपी पडते. पण त्या संध्याकाळी थांबायला वेळ नव्हता. अंधार पडायच्या आत शाळा गाठली आणि गाडी उघड्यावरच उभी केली.

रात्री कडाक्याची थंडी पडली. सकाळी सातला काचेवर दव इतकं, की आमच्या मॉनिटरनं बोटानं तिच्यावर आपलं नाव लिहिलं होतं. तिन्ही मुलं आंघोळ करून, तेल लावून, पॅड-पेन घेऊन तयार. मी किल्ली फिरवली. घर्र... घर्र... आणि गप्प.

मग मला चोक आठवला. पूर्ण बाहेर ओढला. पुन्हा घर्र. सुरू होईना, म्हणून अ‍ॅक्सिलरेटर दाबला, सोडला, दाबला, सोडला. दहा-बारा वेळा. शेवटी पेट्रोलचा वास सुटला आणि स्टार्टरचा आवाज बारीक होत चालला.

आता माझं काय चुकलं ते सांगते. पेट्रोल जळतं ते वाफ होऊन. जुन्या गाडीत कार्बोरेटर असतो. तो इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोलचे बारीक तुषार सोडतो. गरम इंजिनाला वजनानं सुमारे १५ भाग हवा आणि १ भाग पेट्रोल पुरतं. पण इंजिन गार असलं की बरंचसं पेट्रोल वाफ न होता नळीच्या गार भिंतींना चिकटून बसतं. म्हणून सुरुवातीला जास्त पेट्रोल लागतं. चोकची गुंडी ओढली की बहुतेक गाड्यांत एक झडप मिटते, हवेची वाट अरुंद होते आणि पेट्रोल जास्त ओढलं जातं. काही गाड्यांत झडपेऐवजी जादा पेट्रोलची वेगळी वाटच उघडते. चोक या इंग्रजी शब्दाचा अर्थ गळा आवळणं. नालीवाला मुलगा चुकला नव्हता, तो असा!

मी चोकही ओढला आणि वर अ‍ॅक्सिलरेटरही मारत राहिले. पेट्रोल इतकं झालं की प्लग भिजले. ओल्या प्लगची ठिणगी पडत नाही. शेकोटी पेटवताना ओलं लाकूड घातलं तर नुसता धूर होतो ना, तसं.

शेजारच्या मावशी आल्या. "मॅडम, गाडी उठत नाही का जी?" मी रडायच्या बेतात होते. आठ वाजले होते. साडेदहाला केंद्रावर पोहोचायचं होतं. फोनला रेंज नव्हती, बाबांना विचारणार कसं?

मग आठवलं. लहानपणी बाबा चारही प्लग काढून ओट्यावर मांडायचे, आई ओरडायची. डिकीत प्लगपाना होता. इंजिन बंदच होतं, चारही प्लग काढले, फडक्यानं कोरडे पुसले आणि गाडीपासून दूर नेऊन मावशींच्या चुलीवरच्या तव्यात शेकायला ठेवले. मावशी हसून म्हणाल्या, "भाकरीच्या जागी हे काय जी!" तोवर उघड्या भोकांतून आत साचलेलं पेट्रोल उडत होतं. गरम प्लग फडक्यात धरून परत बसवले.

या वेळी चोक आत ढकलला, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरला, म्हणजे भरपूर हवा जाईल, आणि किल्ली फिरवली. बॅटरी थकली होती. घर्र... घर्र... फट्! काळा धूर निघाला. मुलं ओरडली. पण इंजिन लगेच मरायला लागलं. माझे दोन्ही पाय अडकलेले. शेजारी बसलेल्या मॉनिटरला म्हटलं, "गुंडी ओढ, थोडीशीच!" त्यानं बोटभर ओढली. इंजिन सावरलं.

"आता आवाज ऐक. जड, अडखळता वाटला की थोडी आत ढकल." त्यानं डोळे मिटले. खरंच मिटले! मिनिटाभरानं गुंडी जराशी आत गेली. मग आणखी जराशी. आवाज मोकळा झाला तेव्हा ती पुरती आत होती. मी त्याला काहीही सांगितलं नव्हतं. ती आत ढकलायची राहून गेली असती तर पेट्रोल वाया गेलं असतं, शिवाय सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन जाऊन इंजिन झिजलं असतं ते वेगळंच.

नऊ वाजून दहा मिनिटांनी निघालो. या वेळीही वनवैभव नुसतं खिडकीतून. अहेरीला पोहोचलो तेव्हा फाटकावर रांग होती, पण फाटक उघडं होतं.

आताच्या मोटारींत ही गुंडी नसते. इंजिन किती गार आहे ते सेन्सर सांगतो आणि पेट्रोल किती द्यायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. एप्रिल २०२० पासून बहुतेक नव्या मोटारसायकलींनाही इंजेक्शन आलं. पण घरात जुनी मोटारसायकल किंवा स्कूटर असेल तर तिचा चोक शोधा. मोठ्यांना विचारून हं!

दीड वाजता मुलं बाहेर आली. गणितं कशी गेली हे मी विचारणार, तोच मॉनिटर धावत फियाटकडे गेला आणि बॉनेटवर तळहात ठेवून उभा राहिला.

"मॅडम, वरून उन्हानं गरम आहे, पण आतून तीन तास थंड झाली असेल ना?"

"असेल की."

"मग अर्धाच ओढू?"