शिकाऱ्याचा विवेक

दर वर्षी ३ नोव्हेंबरला संत ह्यूबर्ट यांचा सण येतो. लीएजचे हे बिशप इ.स. ७२७ मध्ये प्रभुवासी झाले. तरुणपणी शिकारीच्या नादात देवाला विसरलेल्या या उमरावाला ऐन शुभ शुक्रवारी रानात एक हरिण दिसले आणि त्याच्या शिंगांमध्ये तेजस्वी क्रूस झळकत होता, अशी आख्यायिका आहे. मौज अशी की, शिकारीचा नाद ज्यांना सोडावा लागला, तेच शिकाऱ्यांचे आश्रयदाते ठरले! जर्मनी, ऑस्ट्रिया, बेल्जियम या देशांत त्यांच्या सणाच्या सुमारास शिंगांच्या निनादात शिकाऱ्यांची खास मिस्सा होते.

वाचकहो, आम्हां धर्मगुरूंना हा विषय तसा वर्ज्यच. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूंना शिकार करण्यास मनाई केली होती. आपल्या देशात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकारीचे दिवस संपविले. तरीही बंदुकीच्या काडतुसांनी आम्हांला नीतिशास्त्राचा एक धडा शिकविला. तो येथे सांगावासा वाटतो.

काही वर्षांपूर्वी रजेवर गेलेल्या एका धर्मगुरूंच्या जागी आम्ही बव्हेरियातील एका खेड्यात काही आठवडे सेवा केली. तेथील गायकवृंदात एक वृद्ध सुतार होते. शिकार हा त्यांचा पिढीजात छंद. एका संध्याकाळी जेवणानंतर त्यांनी पोलादी कपाट उघडून आपल्या वडिलांची रायफल आम्हांला दाखविली. रचना मूळ १८९८ च्या माउझर लष्करी रायफलीची, काडतूसही लष्करातूनच आलेले. तलवारींचे फाळ होतील, असे यशया संदेष्ट्याने म्हटले होते. येथे युद्धाचे हत्यार निदान घरच्या जेवणासाठी राबत होते.

त्या देशात कठीण परीक्षा दिल्यावाचून शिकारीचा परवाना मिळत नाही. कोणत्या जनावरासाठी किती जोराची गोळी हवी, हेही कायदाच ठरवितो. लहान जातीच्या हरणासाठी शंभर मीटरवर गोळीत किमान १००० जूल शक्ती उरली पाहिजे. मोठ्या हरणासाठी वा रानडुकरासाठी किमान २००० जूल हवी आणि गोळीची जाडीही ६.५ मिलिमीटरहून कमी चालत नाही. हेतू एकच, प्राणी तडफडू नये.

मग त्यांनी मेजावर तीन काडतुसे मांडली. पहिल्यातील गोळी शिशाची, पण टोकापर्यंत कठीण धातूने मढविलेली. ती शरीरातून आरपार जाते. जखमी जनावर दूर पळते आणि कुठेतरी झुडपात हळूहळू प्राण सोडते. दुसरीचे टोक उघड्या, मऊ शिशाचे. ती आत शिरताच अळंबीसारखी फुलते आणि प्राणी बहुधा जागीच कोसळतो. तिसरी अखंड तांब्याची.

दुसऱ्या गोळीच्या जातीचा आपल्या देशाशी जुना संबंध आहे. १८९० च्या दशकात कलकत्त्याजवळच्या डमडम येथील इंग्रजांच्या कारखान्यात अशा फुलणाऱ्या गोळ्या तयार झाल्या, म्हणून जग त्यांना 'डमडम' म्हणू लागले. त्यांनी होणाऱ्या जखमा इतक्या भयानक होत्या की, १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात त्यांना मनाई केली. आणि त्याच इंग्लंडचा १९९१ चा हरणांविषयीचा कायदा सांगतो की, रायफलीने हरीण मारायचे तर फुलणारीच गोळी वापरावी! माणसाच्या बाबतीत जे क्रौर्य, तेच हरणाच्या बाबतीत दया. कृती, हेतू आणि परिस्थिती या तिन्हींवरून कर्माचे मोल ठरते, असे सेमिनरीत आम्ही शिकलो होतो. त्याचे इतके बोलके उदाहरण आम्हांला अन्यत्र आढळले नाही.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. मऊ शिसे फुलताना त्याचे बारीक कण उडतात आणि मांसात, आतड्यांत दूरवर पसरतात. शिकारी आतडी रानात टाकून जातो आणि गरुड-गिधाडे ती खातात. कॅलिफोर्नियाचे काँडोर हे महाकाय गिधाड १९८२ साली जगात अवघे २२ उरले होते. पिंजऱ्यात वाढवून त्यांना पुन्हा रानात सोडले, तरी शिशाचे विष त्यांना मारीतच राहिले. अखेर १ जुलै २०१९ पासून त्या राज्यात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आली. डेन्मार्कने शिशाचे छर्रे १९९६ मध्ये आणि रायफलीच्या शिशाच्या गोळ्या २०२४ मध्ये बंद केल्या.

आम्हांला सर्वांत अस्वस्थ करणारी हकीकत अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यातील आहे. तेथे शिकारी आपल्या वाट्याचे मांस गोरगरिबांच्या अन्नछत्रांना देत. २००८ मध्ये त्या खिम्यात शिशाचे कण आढळले आणि ते वाटू नये, असे आरोग्य खात्याला सांगावे लागले. दाता उदार, हेतू निर्मळ. तरीही दानाच्या ताटात विष!

मग तांब्याची गोळी का नको? तीही सहजसाध्य नाही. तांबे शिशाहून हलके, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. ती फुलायला वेगही अधिक लागतो. त्यामुळे शिकाऱ्याने फार दुरून बार काढू नये, नेम नव्याने जुळवून घ्यावा आणि खर्चही सोसावा. आमच्या यजमानांच्या जुन्या रायफलीला पहिल्या दोन प्रकारच्या तांब्याच्या गोळ्या मानवल्याच नाहीत. चांदमारीच्या मैदानावर चार शनिवार घालविल्यावर तिसरा प्रकार जुळला. "फादर, बार मी एकदाच काढतो, पण गोळी कुठे कुठे जाते, हे मला ठाऊक असायला हवे," असे ते म्हणाले.

अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग करण्यास ख्रिस्तसभेची धर्मशिकवण मुभा देते. मात्र त्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असेही बजावते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात सृष्टीतील सर्व गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या असल्याचे पुन्हा पुन्हा सांगितले आहे. त्या सुताराने ते परिपत्रक वाचले होते की नाही, हे आम्ही विचारले नाही. चार शनिवार मात्र त्याने दिले होते.

आपल्या घरांत बंदुका नाहीत. पण वाडीत फवारणीचे औषध आहे, विहिरीशेजारी टाकलेला कचरा आहे, रागाच्या भरात बोललेला शब्द आहे. पापनिवेदनापूर्वी आपण 'माझा हेतू काय होता?' एवढेच मनाला विचारतो आणि बहुधा समाधानाने उठतो. यापुढे आणखी एक प्रश्न जोडावा: माझ्या हातून सुटलेले कण कोणाच्या ताटात पडले? उत्तर शोधायला चार शनिवार लागले, तरी ते द्यावेत.