जावेच्या घरचं झाकण

"छे! लायब्ररी सापडत नाही!" मी वैतागून मोठ्यानं म्हणालो.

"कोपऱ्यावरची? बंद केली की काय रे?" पलंगावरून आईनं काळजीनं विचारलं.

मला हसू आलं. आमच्या धंद्यातली लायब्ररी पुस्तकांची नसते. अनेक प्रोग्रामांना लागणारं काम एकदाच करून ठेवायचं आणि ज्याला हवं त्यानं उचलायचं, ती लायब्ररी.

दोन वर्षांपासून आईच्या डोळ्यांनी असहकार पुकारला आहे. दिवाळी अंक आले की ती त्यांच्या मुखपृष्ठांवरून नुसता हात फिरवते. ते मला पाहवेना. म्हणून यंदा मी एक घाट घातला. इंग्लंडात २०१२ साली निघालेला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आणला. टाइप करून दिलेल्या गोष्टी त्यानं मोठ्यानं वाचायच्या. मराठी उच्चारणारी ईस्पीक नावाची लायब्ररी तयार होतीच. पाय बिचारा मंद, म्हणून प्रोग्राम त्याच्यासाठीच, पण माझ्या लॅपटॉपवर बांधायचा, असा बेत. पायचा प्रोसेसर आर्म जातीचा, माझा इंटेलचा.

तिथंच घोडं अडलं. जोडणी करणारा लिंकर म्हणे, ईस्पीक सापडत नाही. मी लॅपटॉपमधला तिचा पत्ता हातानं दिला. त्यानं ती पाहिली, "ही जुळत नाही, सोडून देतो" असं बजावलं आणि पुन्हा तेच पालुपद! नाव तेच, वस्तू समोर, तरी नाही म्हणतो!

हे गाऱ्हाणं ऐकून आई म्हणाली, "अरे, पातेलं जावेच्या घरचं आणि झाकण आपल्या फडताळात शोधतोस! बसेल कसं? तिच्या फडताळातलं आण."

मी चपापलो. लॅपटॉपमधली ईस्पीक इंटेलच्या मापाची होती! मी पायवर ईस्पीकचा विकासकांसाठीचा संच बसवला. मग त्याची 'लिब' आणि 'युसर' ही दालनं मांडणी न मोडता लॅपटॉपवरच्या वेगळ्या फोल्डरात उतरवली, आणि 'सिसरूट' म्हणून तोच फोल्डर लिंकरला दाखवला.

तरी एक खोड उरलीच. त्या फडताळात "मुळापासूनच्या लिबमध्ये पाहा" अशा चिठ्ठ्या होत्या. पायवर त्या बरोबर; माझ्याकडे त्या मलाच माझ्या फडताळाशी आणून सोडत! "याच फडताळातल्या लिबमध्ये" अशा त्या बदलल्या, तेव्हा कुठं जोडणी झाली.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी पणत्या लावून झाल्यावर डबी आईच्या उशाशी ठेवली. ती एकसुरी, नाकात बोलू लागली.

"याला पडसं झालंय वाटतं," आई म्हणाली. मी हिरमुसून बटणाकडे हात नेला. तिनं तो चाचपून धरला.

"थांब रे, बंद नको करू. त्या मुलीचं पुढे काय झालं ते ऐकू दे."