आमच्या शाडूचे मराठी



"या अंकासाठी पालकांपैकी कुणीतरी लिहा," असे आपल्या वर्गाच्या बाईंनी सांगितले, तेव्हा मी नेहमीप्रमाणे बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. वर आलो तर यादीत माझे नाव! मराठीत शेवटचा निबंध मी दहावीत लिहिला होता. विषय 'माझा आवडता प्राणी'. 'कुत्रा हा इमानी प्राणी आहे' अशी सुरुवात करून मी घरात कधीच नसलेल्या मोत्याचे दीड पान गुणगान केले आणि दहापैकी सात गुण मिळवले. पुढे इंजिनिअरिंग, नोकरी, न्यू जर्सी. मराठी लिहायची वेळ वाणसामानाच्या यादीपुरतीच आली. आज पुन्हा तोच विषय घेतो. फरक इतकाच, की या वेळचा कुत्रा खरा आहे.

२०२२ च्या एप्रिलमध्ये आम्ही त्याला शेल्टरमधून आणला. सौ.ची एकच अट होती, कुत्रा स्वयंपाकघरात येता कामा नये. आज तो स्वयंपाकघराबाहेर पडतो तो फक्त फिरायला जाण्यासाठी. सतत कुणाच्या तरी मागे मागे फिरायचा म्हणून मुलांनी त्याचे नाव 'शॅडो' ठेवले. मे महिन्यात माझी आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली. तिने नाव एकदा ऐकले, कुत्र्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाली, "शाडू होय? बरोबर आहे. रंग अगदी गणपतीच्या मातीसारखाच आहे." पंधरा दिवसांत आम्ही सगळेच त्याला शाडू म्हणू लागलो.

आम्ही दोघे दिवसभर कामावर आणि मुले कॅम्पला. ज्यांचे आईवडील इथे येऊन राहिले आहेत त्यांना त्या दुपारी माहीत असतील. रस्त्यावर चिटपाखरू नाही, शेजारी कोण राहते ठाऊक नाही. मग आई शाडूशी बोलायची. "बस." "ऊठ." "सरक बाबा तिकडे, पाय पडेल." आणि सर्वांत महत्त्वाचे वाक्य, "थांब जरा, पोळी देते." महिनाभरात कुत्रा मराठी शिकला आणि होते तेवढे इंग्रजी विसरला. आता मी 'सिट' म्हटले की तो माझ्याकडे विमानतळावरच्या कस्टम अधिकाऱ्यासारखा पाहतो.

सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाली आणि एक गूढ निर्माण झाले. रोज सकाळी मुले दप्तरे घेऊन दाराकडे धावली, की शाडू नेमका दाराच्या मधोमध बसायचा. ढकलले तरी हलायचा नाही. शनिवार-रविवारी मात्र असे काही नाही. मुलांच्या मते तो त्यांना जाऊ देत नव्हता. सौ.च्या मते त्याला दाराच्या फटीतून येणारा वारा आवडत होता. मी पडलो सॉफ्टवेअरवाला. वही घेतली आणि आठवडाभर वेळ, हवामान, कोण आधी उठले, सगळे टिपून ठेवले. निष्कर्ष शून्य. शेवटी आईच म्हणाली, "अरे, पोरं रोज ओरडतात काय?" पोरे ओरडायची, "बस आली! बस आली!" आणि शाडू बिचारा रोज इमानेइतबारे बसत होता. आमच्या ऑफिसात याला बग म्हणतात. चूक शाडूची नव्हती, सूचना देणाऱ्यांची होती.

आता खरी गोष्ट. आमच्या धाकट्या चिरंजीवांचे आजीशी मराठी तेव्हा 'हो', 'नाही' आणि 'नको' या तीन शब्दांवर चालायचे. मी रागावलो की तेही बंद व्हायचे. आई मला म्हणायची, "ओरडू नकोस. येईल तेव्हा येईल." पण एकदा रात्री ती हळूच म्हणाली, "त्याला माझ्याशी बोलायचं असेल तरी बोलता येत नाही रे." यावर मला उत्तर सुचले नाही.

दिवाळीत आईने बेसनाचे लाडू केले, प्रत्येकावर एक बेदाणा लावून. संध्याकाळी पाहतो तर ताटातले पाच लाडू गायब. बच्चेकंपनी, हे लक्षात ठेवा: द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्यांना विषासारखे असतात, त्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. चॉकलेट, कांदा आणि लसूणही त्यांना चालत नाहीत. डॉक्टरांनी आम्हाला पहिल्याच भेटीत हे बजावले होते. मी ओरडलो, "शाडू! लाडू तू खाल्लेस?" त्याने कान पाडले, शेपूट पायांत घातले आणि भिंतीकडे तोंड केले. संपूर्ण कबुलीजबाब! आईच्या डोळ्यांना धार लागली. "माझ्याच हातानं विष घातलं मी त्याला," असे ती म्हणू लागली. शाडूला गाडीत घातले, सगळे बसलो आणि जनावरांच्या दवाखान्याकडे निघालो.

दोन सिग्नल गेले असतील. मागच्या सीटवरून धाकट्याचा आवाज आला, "आजी, तू रडू नको. शाडूने नाही खाल्ले. लाडू मी खाल्ले. पाच." आणि त्याने पँटच्या खिशातून चिकट झालेले पाच बेदाणे काढून दाखवले. त्याला बेदाणे आवडत नाहीत. मग शाडूच्या गळ्यात हात टाकून तो म्हणाला, "मी तुला पोळी देते, हं."

मी गाडी बाजूला घेतली. रागवायचे होते, पण आई एकाच वेळी हसत आणि रडत होती. आजीला उद्देशून त्याने एवढे सलग मराठी बोललेले मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आईने लाडवांचा पुढचा घाणा केला तो बेदाण्यांशिवाय.

मग शाडूने न केलेल्या गुन्ह्याची कबुली का दिली? मी शोधले, तर यावर प्रयोगच झालेला निघाला. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली १४ कुत्र्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुत्र्याचा तो अपराधी चेहरा त्याने खाऊ चोरला की नाही यावर ठरत नाही, मालक रागावला की नाही यावर ठरतो. निर्दोष कुत्रेही रागावल्यावर तसेच दिसले. म्हणजे तो कबुलीजबाब नव्हताच, 'साहेब चिडले आहेत, आता सांभाळून' एवढेच होते. हे आपणा सर्वांना ऑफिसात जमतेच.

दुसरी गोष्ट त्याहून जवळची. लॉरा कुआया या संशोधिका मेक्सिकोतून हंगेरीत बुडापेस्टला राहायला गेल्या, सोबत त्यांचा कुत्रा कुनकुन. त्यांना प्रश्न पडला, की इथे लोक वेगळी भाषा बोलतात हे याला कळत असेल का? त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १८ कुत्र्यांना एमआरआय यंत्रात स्वस्थ पडून राहायला शिकवले आणि 'द लिटल प्रिन्स' या पुस्तकातला भाग स्पॅनिशमध्ये आणि हंगेरियनमध्ये ऐकवला. प्रत्येक कुत्र्याच्या कानावर आजवर यांपैकी एकच भाषा पडलेली होती. २०२२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की ओळखीची आणि अनोळखी भाषा ऐकताना कुत्र्यांच्या मेंदूतली हालचाल वेगळी दिसते, आणि कुत्र्याचे वय जितके जास्त तितका हा फरक अधिक स्पष्ट. शब्दांचा अर्थ त्यांना कळतो असे यातून सिद्ध होत नाही. पण घरची भाषा कोणती, हे कानावर पडून पडून मुरते खरे.

आई नोव्हेंबरमध्ये परत गेली. गुडघ्यांमुळे आता तिला एवढा प्रवास झेपत नाही. शनिवारी सकाळी, म्हणजे सांगलीच्या संध्याकाळी, आम्ही व्हिडिओवर बोलतो. तिने "शाडू, ये रे बाळा," म्हटले की तो फोनकडे पाहत नाही. धावत तिच्या खोलीत जातो, पलंग हुंगतो आणि परत येतो. मग धाकटा सांगतो, "आजी, तो तुझ्या खोलीत बघून आला. तू नव्हती." त्यानंतर आठवडाभरातल्या शाडूच्या सगळ्या भानगडी तिला कळतात. मला मध्ये बोलायला जागा मिळत नाही.

मागच्या महिन्यात बाईंनी वर्गात त्याची चूक सुधारली, "तू मुलगा आहेस ना? मग 'पोळी देतो' म्हणायचं." तो म्हणाला, "नाही, 'देतो' म्हटलं तर शाडू येत नाही." बाई हसल्या. घरी मी गुपचूप प्रयोग करून पाहिला. शाडू 'देतो'लाही येतो. पोळीपुढे त्याला व्याकरण नाही.

हे मी चिरंजीवांना अजून सांगितलेले नाही. बाईंचे म्हणणे बरोबर आहे, आणि तो शिकेलही. पण घरात 'पोळी देते' असे म्हणणारे आता तेवढे एकच माणूस उरले आहे, तेव्हा माझी काही घाई नाही.

तुमच्याकडच्या कुत्र्या-मांजरांना कोणती भाषा कळते ते पुढच्या अंकात जरूर लिहा. आणि बाई, शुद्धलेखनाच्या चुका पोटात घालून या निबंधाला दहापैकी सात तरी द्यावेत, ही विनंती.