दोन मिनिटांत येतो!

प्रभादेवीत राहणाऱ्या माणसाला नातेवाइकांची वानवा नसते. सिद्धिविनायकाचं देऊळ 1801 सालचं, आमची इमारत त्यानंतर कितीतरी वर्षांनी झालेली. पण लांबच्या चुलतभावापासून बायकोच्या मावसबहिणीच्या दिरापर्यंत सगळ्यांना मंगळवार आला की आमचीच आठवण येते. आधी मला वाटे, हे प्रेम आहे. पुढे लक्षात आलं की फोनवरचा पहिला प्रश्न ‘कसे आहात?’ हा नसतो. ‘तुमच्या गल्लीत गाडी लावायला जागा मिळेल ना?’ हा असतो.

आता आमची गल्ली म्हणजे काय, तर दोन हातगाड्या समोरासमोर आल्या तर एकीने नमस्कार करून मागे सरावं अशी. त्यात दोन्ही बाजूंना मोटारी. बँकेत वीस वर्षं काढल्यामुळे मला त्यांच्यात खात्यांचे प्रकार दिसतात. रोज जाणारी-येणारी ती चालू खाती. फक्त रविवारी हलणारी ती बचत खाती. आणि टोकाला ताडपत्रीखाली एक गाडी आहे, ते निष्क्रिय खातं. बँकेत दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय ठरतं आणि दहा वर्षं कुणी फिरकलं नाही तर पैसे रिझर्व्ह बँकेकडे जातात. ही गाडी परस्पर मांजरांकडे गेली आहे. दरवर्षी चार पिल्लांचं व्याजही जमा होतं.

या विषयावर माझी मतं फार कडक. इमारतीच्या प्रत्येक सभेत मी जपानचा दाखला देतो. “तिकडे शहरात 1962 सालापासून कायदा आहे! आधी जागा दाखवा, मग गाडी घ्या!” 2025 च्या मे महिन्यात आपल्या परिवहनमंत्र्यांनीही तसाच नियम आणायचं बोलून दाखवलं, तेव्हा तर मी पेपर घेऊन तिन्ही मजले फिरलो. आमच्या मेहुण्यांकडे असा दाखला मागितला, तर ते बिनदिक्कत आमचा पत्ता देतील, हे तेव्हा सुचलं नाही.

अशात अंगारकी आली. तिची रांग आदल्या रात्रीच लागते. सोमवारी रात्री अकराला मेहुणे सहकुटुंब, नव्या कोऱ्या गाडीतून हजर. मी लगबगीने खाली उतरलो आणि गल्लीच्या तोंडाशी, वळणावर, जिथे कुणीच गाडी लावत नाही, अशी मोकळी जागा त्यांना दाखवली. का लावत नाही, हा विचार मनाला शिवला नाही. उलट “अजून मागे, अजून मागे... बस्स!” असं हातवारे करून मीच गाडी लावून घेतली.

“दोन मिनिटांत येतो,” मेहुणे म्हणाले. अंगारकीची दोन मिनिटं!

दीडच्या सुमाराला दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना धाप लागली. मुलाने 108 ला फोन केला. रुग्णवाहिका लगेच आली, आणि गल्लीच्या तोंडाशी अडली. हॉर्नने इमारत जागी झाली. जिना उतरताना सगळ्यांत मोठा आवाज माझा. “कोण हा नालायक? लोकांच्या जिवाशी खेळतात मेले!” शेजाऱ्यांनी दुजोरा दिला. वळणावर पोचलो, कुणाच्या तरी टॉर्चचा उजेड नंबरप्लेटवर पडला, आणि माझा घसा एकाएकी बसला.

मेहुण्यांचा फोन वाजत होता. रांगेतला भक्त तो उचलत नव्हता. पूर्वी चार जणांनी हात लावून फियाट बाजूला सरकवल्याचं मी पाहिलं आहे. हल्लीच्या गाडीला हात लावला की ती किंचाळते. ही किंचाळली. मग आम्ही चौघांनी आजींना खुर्चीत बसवून जिना उतरवला आणि गल्लीतून, मोटारींच्या आरशांना धक्के देत, नेलं. साठ पावलांचं अंतर. एरवी चहापावडर आणायला मी ते एका मिनिटात जातो. त्या रात्री आजींचा करवतीसारखा श्वास माझ्या कानाशी होता आणि मी एकेक पाऊल मोजत होतो.

आजी वाचल्या. मी मुद्दाम 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं 122 वं कलम काढून वाचलं. धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी सार्वजनिक जागी उभी ठेवू नये, असं ते म्हणतं. पण ते गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याबद्दल बोलतं. जागा दाखवणाऱ्याबद्दल काहीच बोलत नाही. ती उणीव आमच्या हिने भरून काढली.

आठ दिवसांनी आजी घरी आल्यावर भेटायला गेलो. म्हटलं, “आजी, ती गाडी आमच्या मेहुण्यांची. जागा मीच दाखवली.”

“माहीत आहे रे,” आजी म्हणाल्या. “गॅलरीतून बघत होते मी. ‘अजून मागे, अजून मागे’ करत होतास. वाटलं, ओरडून सांगावं, तिथे नको म्हणून. मग म्हटलं जाऊ दे, दोन मिनिटांचा तर प्रश्न!”

परवा मेहुण्यांचा पुन्हा फोन आला. पहिला प्रश्न तोच.

“लोकलनं या,” मी म्हटलं. “प्रभादेवी स्टेशनापासून देऊळ चालत वीस मिनिटं.”

“वीस मिनिटं?”

“हो. आणि ही खरी मिनिटं, तुमची नव्हेत.”