फ्यूज उडतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो



एरवी या पानावर छाटणी, डिपिंग, पाण्याच्या पाळ्या असलं लिहितो. आज गाडीच्या फ्यूजवर लिहितोय, आणि त्याला कारण आहे. आपल्याकडं गळीत हंगाम सुरू झाला की रात्रीचा रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरतो. त्यात भाजीच्या गाड्या, मोटारसायकली, पहाटेचं धुकं. अशा रस्त्यावर मागचा लाल दिवा बंद असलेली गाडी मागच्याला दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. आणि तो दिवा पुष्कळदा नखाएवढ्या फ्यूजपायी बंद असतो.

मला एवढंच सांगायचंय, की फ्यूज बदलणं दोन मिनिटांचं काम आहे. पण फ्यूज का उडाला हे शोधलं नाही तर काम अर्धंच झालं.

मागच्या हंगामात तासगावहून औषधं आणि ड्रिपचं सामान घेऊन मी आणि पुतण्या येत होतो. गाडी तो चालवत होता. अंधार पडला होता. एक मोटारसायकलवाला बरोबरीला आला आणि ओरडला, "मागं लाईट न्हाई ओ पाव्हणं!"

गाडी रस्त्याच्या पूर्ण खाली, पेट्रोल पंपाच्या उजेडात घेतली. आधी काय चालू आणि काय बंद ते बघितलं. हेडलाईट चालू. ब्रेक दाबला की मागं लाल लागतंय. इंडिकेटर चालू. बंद काय, तर मागचे दोन्ही टेललाईट, नंबरप्लेटचा दिवा आणि समोरच्या मीटरचा उजेड. एक बल्ब गेला असता तर एकच दिवा बंद पडला असता. एकदम इतके दिवे गेले म्हणजे त्यांचा मूळ रस्ता एक आहे आणि तो तुटलाय. तिथं बल्ब काढत बसायचं नाही, सरळ फ्यूज बघायचा.

बहुतेक गाड्यांत फ्यूजचे दोन डबे असतात. एक स्टेअरिंगच्या खाली किंवा बाजूला, दुसरा बॉनेटमध्ये बॅटरीजवळ. झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा गाडीच्या पुस्तकात कुठला फ्यूज कशाचा त्याचा नकाशा असतो. अंधारात शोधायची वेळ येण्याआधी एकदा दिवसा त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

फ्यूजच्या डोक्यावर आकडा असतो आणि रंग ठरलेला असतो. ५ अँपिअरचा फिकट बदामी, साडेसातचा तपकिरी, १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, २५ चा पांढरा पारदर्शक, ३० चा हिरवा. रंगावर काढा, पण आकडा वाचूनच घाला.

चावी काढली, लाईटचा खटका बंद केला. डब्यातच प्लास्टिकचा छोटा चिमटा असतो, त्यानं टेललाईटचा लाल फ्यूज सरळ वर ओढला. उजेडाकडं धरला तर आतली पट्टी मधोमध तुटलेली. कधी कधी डोळ्याला कळत नाही, तेव्हा मल्टिमीटर बीपवर ठेवून दोन्ही पायांना लावायचा. बीप वाजला तर फ्यूज चांगला. टेस्ट लॅम्प असेल तर फ्यूज काढायचीही गरज नाही. फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन ठिपके उघडे असतात. लॅम्पचा चिमटा बॉडीच्या रंग नसलेल्या नट-बोल्टला लावा, दिवे चालू करा आणि टोक एकेका ठिपक्याला टेकवा. दोन्हीकडं लागला तर फ्यूज ठीक. एकीकडंच लागला तर उडालाय. कुठंच नाही लागला तर फ्यूजपर्यंत करंटच येत नाही, दोष मागं आहे.

झाकणात सुटे फ्यूज होते, एक १० चा, एक १५ चा. १० चा घातला, खटका चालू केला, सगळे दिवे लागले. टॉर्च काढायला मी डिकी उघडी ठेवली होती. ती दाणकन लावली आणि दिवे परत गेले.

पुतण्या म्हणाला, "तात्या, १० चा संपला. १५ चा घालू, न्हाईतर वायरची एक तार पिळून घालू. घर धा किलोमीटरवर तर आलंय."

मी म्हणालो, "आरं, आपल्या डीपीचं काय झालतं ते आठव."

हे तुम्हालाही ओळखीचं असेल. डीपीवर फ्यूज टिकत नव्हता म्हणून कुणीतरी जाड तार ओढली. फ्यूज टिकला, डीपी जळाला. नवीन येईपर्यंत बागा तहानलेल्या. फ्यूज ही मुद्दाम ठेवलेली कमजोर कडी आहे. ती मजबूत केली की पुढची कडी तुटते, आणि ती महाग असते.

गाडीतला हिशेब तर कागदावर मांडता येतो. गाडी १२ व्होल्टची. बल्बचे वॅट भागिले १२ म्हणजे अँपिअर. पुढचे पार्किंगचे दोन, मागचे दोन, नंबरप्लेटचे दोन, असे ५ वॅटचे सहा बल्ब धरले तर ३० वॅट होतात, म्हणजे अडीच अँपिअर. मीटरचा उजेड धरून तीन म्हणा. तीनच्या कामाला कंपनीनं १० चा फ्यूज दिलाय. म्हणजे फ्यूज लहान पडला असं नाहीच. कुठंतरी वायर बॉडीला लागतीय आणि करंट बल्बपर्यंत न जाता मधूनच परत फिरतोय.

१५ चा घातला असता तर कदाचित तोही लगेच उडाला असता. पण वायर अर्धवट घासत असेल तर बारा-तेरा अँपिअर वाहत राहतात. १५ चा फ्यूज गप्प बसतो आणि आत गालिच्याखाली वायर तापत जाते. तांब्याची तार घातली तर बोलायलाच नको. तांबं १०८५ अंशाला वितळतं, फ्यूजमधलं जस्त ४२० अंशाच्या आसपास. तार वितळायच्या कितीतरी आधी वायरवरचं प्लास्टिक जळतं, आणि त्याच्या शेजारी सीटचा फोम असतो. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून घालणारेही बघितलेत. जात एकच.

आता डिकी लावल्यावरच फ्यूज गेला, हा मोठा पुरावा होता. डिकी उघडताना-लावताना जी वायर वाकते तिच्यातच दोष असणार. डिकी आणि छताच्या मध्ये रबराची नळी असते, तिच्यातून नंबरप्लेटच्या दिव्याची वायर जाते. रबर एका बाजूनं सोडवलं. आत दोन वायरींवरचं प्लास्टिक वर्षानुवर्षं वाकून तडकलेलं, एकीचं तांबं पत्र्याच्या कडेला लागून काळं पडलेलं. वायरी वेगळ्या केल्या, दोन्हीवर स्वतंत्र इन्सुलेशन टेप गुंडाळली, कडेपासून लांब बांधल्या. फ्यूज मात्र संपला होता. मग नकाशात बघून टेपरेकॉर्डरचा १० चा लाल फ्यूज काढला आणि टेललाईटला घातला. गाण्यावाचून घरी जाता येतं. डिकी चार वेळा आपटून बघितली, दिवे टिकले. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनकडून तेवढ्या भागात नवीन वायर जोडून घेतली, कारण टेप हा रात्रीपुरता उपाय.

नंतर मी गावातल्या गाड्यांत काय काय सापडतं त्याकडं लक्ष ठेवलं. बॉनेटमध्ये उंदीर, विशेषतः गाडी कडब्याच्या गंजीजवळ किंवा धान्याच्या खोलीपुढं उभी असेल तर. हेडलाईटच्याच वायरीला फाटा काढून जोडलेले जादा दिवे आणि मोठे हॉर्न. अशांना बॅटरीपासून वेगळी वायर, रिले आणि बॅटरीजवळच स्वतःचा फ्यूज पाहिजे. चार्जरच्या सॉकेटला लावलेला हवेचा पंप. १५ अँपिअरच्या सॉकेटवर १८० वॅटच्या वर काही लावायचं नाही. आणि ट्रॉलीच्या दिव्याची लोंबणारी वायर, जी हुकात चेमटते. हे ट्रॅक्टरला तर रोजचं.

पीक बघणाऱ्याला हे नवीन नाही. चुनखडीच्या रानात द्राक्षाचं कोवळं पान पिवळं पडलं की आपण फेरस फवारतो, आठ दिवस हिरवं दिसतं, परत पिवळं. जमिनीत लोह असतं, पण पाणी जास्त होऊन मुळी गुदमरलेली असते, तिला ते उचलता येत नाही. पाण्याची पाळी न बदलता फवारा वाढवणं आणि फ्यूजचा आकडा वाढवणं, दोन्ही एकाच घरातली.

काही ठिकाणी मात्र हात घालू नका. एअरबॅगची लाईन, एबीएस, बॅटरीच्या तोंडाशी बोल्टनं बसवलेले मोठे फ्यूज आणि बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांतल्या जाड नारिंगी वायरी, ही जाणत्याची कामं. बाकीच्या लाईनवरही नवा फ्यूज घातल्या घातल्या उडाला तर दुसरा घालून बघत बसू नका, त्या लाईनवर काय काय आहे ते एकेक सोडवून बघा. सोडवल्यावर ज्याच्यामुळं फ्यूज टिकला, दोष तिथंच.

माझ्या गाडीत आता एका डबीत १०, १५, २० चे दोन-दोन फ्यूज, टेस्ट लॅम्प, टेप आणि टॉर्च असते. फ्यूज घेताना जुना बरोबर न्या, मोठे आणि मिनी असे आकार वेगळे असतात, एकमेकांत बसत नाहीत. ही सगळी डबी बुरशीनाशकाच्या एका पुडीपेक्षा महाग पडत नाही. आणि रात्री निघताना एक सवय लावून घ्या. दिवे लावायचे, गाडीमागं एक चक्कर मारायची, मग बसायचं.